'हिंदू म्हणा आणि सुटा' हा सल्ला नको

निरीश्वर: काल डॅलसकर यांनी इथे लिहिलं की अमेरिकेत नास्तिकांना काडीचा त्रास नाही, 'कुठल्या चर्चला जाता?' असं कुणी विचारलं तर 'आम्ही हिंदू' म्हणावं, विषय संपतो. संपणारच, कारण त्यांच्या लेखी हिंदू म्हणजे कुठला ना कुठला देव मानणारा. टेक्सासमध्ये 'मी देव मानत नाही' एवढं सरळ सांगून बघा. आमच्या शेजारणीने विचारलं, 'मग मुलांना चांगलं-वाईट कशाच्या आधारावर शिकवता?' त्यानंतर तिचा मुलगा आमच्याकडे खेळायला आला नाही. टेक्सासच्या राज्यघटनेत आजही लिहिलेलं आहे की सरकारी पदाला धर्माची अट नाही, मात्र परमेश्वराचं अस्तित्व मान्य हवं. शाळेत मुलं म्हणतात त्या राज्याच्या प्रतिज्ञेत देव घातला तो २००७ साली. मुलाला ती म्हणायची नसेल तर पालकांनी लेखी कळवायचं. हा त्रास नव्हे?

डॅलसकर: अर्धंच सांगू नका. ते कलम १९६१ सालीच निकामी झालं. मेरीलँडच्या टोरकासो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोटरी व्हायला देव मानतो असं जाहीर करावं लागणार नाही. आणि माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा जेवण कुणी पोचवलं? चर्चच्या बायकांनी. एकीनेही बायबल काढलं नाही. माणसं चांगली आहेत, उगाच डिवचू नका.

निरीश्वर: निकामी, तर २००९ साली ॲशव्हिलमध्ये देव न मानणारे सेसिल बॉथवेल नगरपरिषदेवर निवडून आल्यावर विरोधकांनी नॉर्थ कॅरोलायनाचं तसलंच कलम का उकरून काढलं? त्यांचं पद गेलं नाही, मान्य. पण निवडून आलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं. आणि कुणी जेवण आणून दिलं म्हणून मी खोटं बोलावं का?

मेधा_आर: चर्चचं काय घेऊन बसलात! मला ख्रिश्चनांनी कधी दुखावलं नाही, आपल्या इथल्या मराठी मंडळाने दुखावलं. गणपतीत आरतीला उभी राहिले नाही, मागे पानं मांडत होते. पुढच्या वर्षी नाटकाच्या तालमीला बोलावणंच नाही. आधी सलग कामं केली होती मी.

डॅलसकर: गणपती ही संस्कृती आहे. मुलांच्या कानावर चार मराठी शब्द पडतात ते तिथेच. टाळ्या वाजवल्याने कुणाचा नास्तिकपणा बुडत नाही.

मेधा_आर: नाताळबद्दल इथले लोक हेच म्हणतात! शाळेत लेकीला येशूची गाणी म्हणायला लावली म्हणून तुम्हीच इथे चिडून लिहिलं होतंत.

डॅलसकर: शाळा सरकारी, मंडळ खासगी. एवढाही फरक कळत नसेल तर वाद घालू नका.

मेधा_आर: वर्गणी घेताना खासगी नसतं वाटतं? तेव्हा 'आपलं मंडळ'.

वसईकर_टेनेसी: मंडळ जरा बाजूला ठेवा. डॅलसकर, मी वसईच्या ख्रिस्ती घरातला, नास्तिक. 'हिंदू म्हणा' ही पळवाट मला नाही. नाव ऐकलं की इथले लोक खूश होतात, लगेच रविवारचं आमंत्रण. नाही म्हटलं की समजूत घालायला दुसरा येतो. हिंदूला ते परका समजून सोडतात, मला वाट चुकलेला समजतात. टेनेसीच्या घटनेत तर देव आणि मरणोत्तर शिक्षा-बक्षीस नाकारणाऱ्याला सरकारी पद नाही असं छापलेलं आहे. न्यायालय काहीही म्हणो, खोडलेलं नाही. घरचंही सोपं नव्हतं. वडिलांच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी कम्युनियन (प्रसादाची भाकर) घेतलं नाही, तेव्हा आईने कित्येक महिने फोनवर नीट बोलणं टाकलं. एक मात्र सांगतो, नागरिकत्वाच्या शपथेतले देवाचे शब्द मी गाळायला सांगितले, अधिकाऱ्याने लगेच गाळले. कायद्याने तशी मुभा आहे. सरकारपेक्षा शेजार जड जातो.

डॅलसकर: तुमच्या बाबतीत माझा सल्ला लागू नाही, एवढं मानतो. निरीश्वर यांच्या बाबतीत मानत नाही. मोठ्यांच्या तत्त्वापायी पोराला वर्गात एकटं पाडू नये.

निरीश्वर: प्रतिज्ञा म्हणायची नाही हे पोराने ठरवलं. मी फक्त सही केली. त्याला 'गप्प म्हणून टाक' सांगायचं होतं का मी?

डॅलसकर: हो, सांगायचं होतं. मी माझ्या मुलीला तेच सांगितलं आणि तिचं काही बिघडलं नाही.

मेधा_आर: मंडळाच्या पुढच्या सभेत मी विषय मांडणार आहे, आरतीला न येणाऱ्यांना कामातून वगळू नये म्हणून. तुम्ही कार्यकारिणीत आहात. बोला तिथे.

डॅलसकर: मांडा. मी विरोधात बोलेन.