कामठ्यासाठी (धनुष्यासाठी) बांबू कधी तोडावा, कसा वाळवावा?

डोंगरवाट: भिल्ली पद्धतीचा कामठा करायचाय. बांधावर मानवेलाचं (भरीव बांबूचं) बेट आहे. कोणती काठी घेऊ? उन्हात किती दिवस ठेवू?

सातपुडा_७: उन्हात नकोच, काठी उभी तडकते. तीन-चार वर्षांची निवडा: पेरांवरची खोळ गळालेली, पांढरी भुकटी गेलेली, सालीवर करडे डाग. कोवळी काठी वाळताना चिमते. डिसेंबर-जानेवारीत तोडा. पावसाळ्यात कोंब मोडतात, उन्हाळ्यात तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो. जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या अगदी वर कापा, नाहीतर खुंटात पाणी साचून बेट कुजतं. मग पानांसकट आठवडाभर उभी टेकवून ठेवा. पानं बरंच पाणी ओढून घेतात.

कमचीवाला: त्यानंतर लगेच उभी चिरा. अख्खी भरीव काठी आतून महिनोन्‌महिने ओली राहते. फाळी सावलीत, वारा लागेल अशा आडव्या, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा. दोन-तीन महिने धरून चाला, पण कॅलेंडरपेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा खरा. आठवडाभर वजन हललं नाही की वाळली. ओल राहिली तर कामठा दोरी काढल्यावरही वाकलेलाच राहतो. चुलीवर टांगून फार कोरडी केली तर ओढताना मोडते.

सातपुडा_७: आणि साल तासू नका! सगळ्यात दाट धागे तिथेच असतात. ती बाजू पाठीला, म्हणजे नेमाच्या दिशेला ठेवा. जाडी पोटाकडूनच, म्हणजे दोरीकडच्या बाजूनेच कमी करायची, पेरांच्या गाठीही पाठीवरून सपाट करायच्या नाहीत. कामठा बहुतेकदा तिथूनच फाटतो.

डोंगरवाट: दोरीही बांबूचीच हवी असेल तर?

कमचीवाला: लांब पेरांची काठी घ्या, सालीची पट्टी ओली असतानाच सोला.