चौदा हजार किलोमीटर चाललेला टायर खरोखर किती चालला?

लांबपल्ला (चर्चाप्रस्ताव)

गेल्या आठवड्यात मागच्या चाकाचा टायर बदलला. उतरवलेल्या टायरचे १४,२०० किलोमीटर झाले होते आणि खाचांच्या तळाशी असलेले झीज दाखवणारे उंचवटे नुकतेच वरच्या रबराच्या पातळीला आले होते. त्याआधी याच गाडीवर, म्हणजे चार सिलिंडरच्या हजार सीसी मोटारसायकलवर, मी शर्यतीच्या धाटणीचा मऊ टायर लावून पाहिला होता. तो ५,८०० किलोमीटरमध्ये संपला. दोघांनीही मला त्याच रस्त्यांवरून, तेवढ्याच सामानासह नेले, आणि खरे सांगायचे तर वळणावरच्या माझ्या वेगात दोघांमुळे काडीचाही फरक पडला नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की स्पोर्ट टूरिंगसाठी, म्हणजे वेगवान गाडीवर सामानासह दूरच्या प्रवासासाठी, टायर निवडताना आयुष्य हा पहिला निकष असावा आणि पकड हा दुसरा. आजच्या कोणत्याही चांगल्या टूरिंग टायरची पकड आपल्यापैकी बहुतेकांच्या कौशल्यापेक्षा जास्तच असते. 'कडक रबर टिकते, मऊ रबर धरते' हा जुना हिशेबही आता तितकासा खरा उरलेला नाही. रबरात काजळीच्या जोडीला सिलिका येऊ लागल्यापासून ओल्या आणि गार रस्त्यावरची पकड झिजेची फारशी किंमत न मोजता मिळू लागली. त्यातच एकाच टायरमध्ये दोन मिश्रणे वापरण्याची पद्धत रुळली. मिशेलिन या कंपनीने २००७ मध्ये पायलट रोड २ हा टायर आणला तेव्हा मधल्या पट्ट्यात कडक आणि दोन्ही खांद्यांवर, म्हणजे बाजूच्या उतरत्या भागांवर, मऊ रबर ही रचना टूरिंग टायरमध्ये नवलाईची होती, आज ती सर्रास दिसते.

आणखी एक मुद्दा दूरच्या प्रवासाचा. पाच हजार किलोमीटरच्या फेरीला निघताना अर्ध्यावर आलेला मऊ टायर असेल, तर तो परक्या गावात संपणार हे ठरलेलेच असते आणि तिथे जे मिळेल ते लावून घ्यावे लागते. पुढे एका जातीचा आणि मागे भलत्याच जातीचा टायर घेऊन परतलेले किती तरी जण मी पाहिले आहेत. विरोधी मते अवश्य मांडावीत.

उतारवळण

आपल्या प्रस्तावातील १४,२०० हा आकडा तुम्ही टायर कधी उतरवलात ते सांगतो. तो कधी संपला, ते त्यातून कळत नाही.

सरळ महामार्गावर मागचा टायर मधोमध झिजतो, कारण इंजिनाचा सगळा जोर त्याच चार बोटांच्या पट्ट्यातून रस्त्यावर उतरतो. खांदे मात्र जवळजवळ नवेच राहतात. परिणामी गोल टायर हळूहळू चौकोनी होतो. उतरवलेला टायर अजून हाताशी असेल, तर त्यावरून तळहात आडवा फिरवून पाहा: मधला सपाट भाग जिथे संपतो तिथे एक स्पष्ट धार लागेल. गाडी वळणावर कलताना आधी त्या धारेवर अडते, हँडलवर नेहमीपेक्षा जास्त जोर द्यावा लागतो, आणि धार ओलांडली की ती एकदम आत पडते. ही तक्रार लोक सस्पेन्शनच्या खात्यावर मांडतात, माझ्या एका मित्राने तर त्यापायी स्टिअरिंगचे बेअरिंग बदलले.

मागच्या पावसाळ्यात माझ्या टिकाऊ म्हणून घेतलेल्या टायरचे ११,००० किलोमीटर झाले होते आणि उंचवट्यांना अजून दीड मिलिमीटर अवकाश होता. एका चौकातून अगदी सावकाश उजवीकडे वळताना मागचे चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर आले आणि हातभर बाजूला सरकले. पडलो नाही, पण पाय टेकवावा लागला. त्याच पट्ट्यावरून त्याच टायरने मी त्याआधी शेकडो वेळा गेलो होतो.

'पकड कौशल्यापेक्षा जास्तच असते' हा युक्तिवादही मला पटत नाही. टायरची एकूण पकड एका वर्तुळासारखी असते: वळण्यासाठी जितकी जास्त खर्च होते, तितकी ब्रेकसाठी कमी उरते. रोजच्या वळणात तुम्ही निम्मीच वापरत असाल, हे मान्य. पण वळणाच्या मध्यावर समोर रेती किंवा जनावर आले की उरलेली निम्मी एका क्षणात लागते. ती तुमच्या कौशल्यासाठी ठेवलेली नसून तुमच्या चुकीसाठी ठेवलेली असते.

चारहजारी

माझी अडचण दोघांहून वेगळी आहे. मी वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर चालवतो. सोळा हजार चालणारा टायर मी घेतला, तर तो झिजायला चार वर्षे लागतील, आणि दुकानातल्या मांडणीवर तो आधीच दीड-दोन वर्षे पडून असेल तर हिशेब सहा वर्षांपर्यंत जातो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन यांनी कडक होत जाते. तेव्हा माझ्यासारख्याने टिकाऊ टायर घेणे म्हणजे झिजेपुरते आयुष्य विकत घेऊन ते म्हातारपणात घालवणे होय. मी मुद्दाम मऊ घेतो आणि दीड वर्षात संपवतो.

पाना-पक्कड

दिवसाकाठी पाच-सहा टायर चढवणारा माणूस म्हणून लिहितो. टायरच्या नावावर एवढी चर्चा चालली आहे, पण हवेबद्दल आतापर्यंत कोणी चकार शब्द काढलेला नाही. एकाच कंपनीचा, एकाच मापाचा टायर एका गिऱ्हाइकाकडे सात हजारांत संपलेला आणि दुसऱ्याकडे पंधरा हजारांपर्यंत गेलेला मी पाहिला आहे. स्पोर्ट टूरिंगच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय लिहिलेले असते, आणि ते आकडे गार टायरचे असतात. लोक वीस किलोमीटर चालवून पंपावर जातात, तापल्यामुळे वाढलेला दाब पाहतात आणि हवा काढून टाकतात. सकाळी तोच टायर कमी हवेवर निघतो, जास्त दबतो, आतून तापतो आणि झिजतो. नेमाने गार टायर तपासणाऱ्यांचे टायर नेहमीच जास्त चालतात. कोणते मिश्रण घेतले, हा प्रश्न त्यानंतरचा.

पुढच्या टायरबद्दलही बोलायला हवे, कारण चर्चा मागच्याच चाकाभोवती फिरते आहे. पुढचा टायर मधोमध कमी आणि बाजूंना जास्त झिजतो, कारण ब्रेक आणि वळण यांचा भार तो घेतो. कमी हवा किंवा थकलेले सस्पेन्शन असेल तर त्याच्या ठोकळ्यांना दात फुटतात: पुढच्या दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत लागते, उलटा फिरवला की करवतीसारखे बोचते. मग हँडलमध्ये गुरगुर येते. 'मागचे दोन, पुढचा एक', म्हणजे मागचे दोन टायर संपेपर्यंत पुढचा एकच, या हिशेबाने चालणारी मंडळी दात फुटलेल्या पुढच्या टायरसमोर कोरा करकरीत मागचा टायर लावून जातात आणि दुसऱ्या दिवशी 'गाडी नीट वळत नाही' म्हणून परत येतात. माझा सल्ला नेहमी जोडी बदलण्याचा असतो. त्यात माझा धंदा आहे असे कोणी म्हणेल, तर म्हणू द्या.

एक शेवटचे. अमेरिकेत प्रवासी मोटारींच्या टायरवर झिजेचा तुलनात्मक आकडा छापावा लागतो. मोटारसायकलच्या टायरला तसा आकडा नाही. युरोपातले टायरचे लेबलही मोटारसायकलला लागू नाही. त्यामुळे कंपन्या जे टक्के सांगतात ते बहुधा स्वतःच्याच जुन्या टायरच्या तुलनेत असतात. मिशेलिनचा रोड ६ हा रोड ५ पेक्षा १० टक्के जास्त टिकतो, हा कंपनीचा दावा खरा धरला तरी तो मेट्झेलरच्या किंवा ब्रिजस्टोनच्या टायरपेक्षा किती टिकतो हे त्यातून कळत नाही.

लांबपल्ला

पाना-पक्कड यांचे हवेबद्दलचे म्हणणे बिनशर्त मान्य. तापलेल्या टायरची हवा काढणाऱ्यांत मीही पूर्वी होतो.

उतारवळण यांना मात्र उत्तर द्यायला हवे. चौकोनी होणे हा टिकाऊ टायरचा दोष आहे, असे त्यांच्या लिहिण्यातून ध्वनित होते. तो दोष सरळ रस्त्याचा आहे. माझा मऊ टायर ३,५०० किलोमीटरलाच चपटा झाला होता आणि उरलेले २,३०० मी त्याच धारेवरून काढले. टिकाऊ टायरला तीच धार साधारण ९,००० नंतर जाणवू लागली. म्हणजे दोन्ही टायर आपापल्या आयुष्यातील साठ-त्रेसष्ट टक्के काळ गोल होते, फक्त एकाचे साठ टक्के म्हणजे साडेतीन हजार आणि दुसऱ्याचे नऊ हजार. चांगल्या आकाराचे किलोमीटर मोजायचे ठरवले, तरी पारडे माझ्याच बाजूला झुकते.

चारहजारी यांच्यासाठी मऊ टायर योग्य आहे, यावर वाद नाही. पण वर्षाला चार हजार चालवणाऱ्याने स्पोर्ट टूरिंगचा टायर निवडण्याचा खटाटोप तरी का करावा?

चारहजारी

कारण ते चार हजार सलग दोन आठवड्यांत, सामानासह होतात.

उतारवळण

साडेतीन विरुद्ध नऊ हजार हा हिशेब चोख आहे, आणि कागदावर मी हरलो असे समजायलाही हरकत नाही. पण तुम्ही नऊ हजारांवर टायर उतरवलात का? नाही. पुढे पाच हजार दोनशे किलोमीटर त्याच धारेवर काढलेत, कारण उंचवटे अजून खाली होते आणि 'अजून चालेल' असे तो टायरच तुम्हाला सांगत होता. मऊ टायर घेणारा पहिल्या दिवसापासून तो लवकर जाणार हे गृहीत धरतो आणि वेळेवर काढतो. टिकण्यासाठी घेतलेला टायर पुरता टिकल्याशिवाय माणसाच्याने काढवत नाही. रबराच्या मिश्रणाइतकाच हा माणसाच्या स्वभावाचाही प्रश्न आहे.

दुसरे असे की, टिकण्याची व्याख्या काही कंपन्यांनीच बदलली आहे आणि ती मला तुमच्यापेक्षा पटते. २०१८ मध्ये रोड ५ आला तेव्हा मिशेलिनचा दावा असा होता की ५,००० किलोमीटर झालेला रोड ५ ओल्या रस्त्यावर कोऱ्या पायलट रोड ४ इतक्याच अंतरात थांबतो. त्याच्या बारीक चिरा वर अरुंद आणि खाली रुंद केल्या आहेत, म्हणजे रबर झिजत जाते तशी पाणी वाहून नेण्याची जागा वाढत जाते. असा साचा करण्यासाठी त्यांना धातूची त्रिमितीय छपाई वापरावी लागली. दावा कंपनीचाच आहे, तेव्हा तो जरा जपूनच घ्या. पण प्रश्न योग्य विचारला आहे: टायर अमुक किलोमीटर झाल्यावर कसा वागतो? 'किती चालतो' हे त्याला धरून आपोआप ठरते.

दोघे आणि तीन पेट्या

इथे सगळे एकट्याने चालवणारे दिसतात. माझी गाडी रिकामी तीनशे किलोच्या घरात आहे, मागे पत्नी असते आणि तीन पेट्या भरलेल्या असतात. आमच्यासाठी पहिला निकष ना आयुष्य, ना पकड. पहिला निकष भार. मागच्या टायरवरचा ७३ हा निर्देशांक म्हणजे ३६५ किलो, पुढच्यावरचा ५८ म्हणजे २३६ किलो. याशिवाय बऱ्याच कंपन्या त्याच टायरची जड गाड्यांसाठी भक्कम सांगाड्याची आवृत्ती काढतात, रोड ६ चा जीटी प्रकार हे एक उदाहरण. मी आधी साधी आवृत्ती लावली होती, आणि भरल्या गाडीने लांब वळण घेताना मागची बाजू जेलीसारखी हलत असे. जीटी आवृत्ती लावल्यावर ते थांबले.

लांबपल्ला यांना एक सावधगिरीची सूचना: 'भक्कम आहे म्हणजे जास्त टिकेल' असे समजून हलक्या गाडीवर जीटी लावू नका. माझ्या भावाने लावला. टायर पुरेसा दबतच नव्हता, त्यामुळे तापत नव्हता, आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात पोहोचत होता.

पाना-पक्कड

हा प्रतिसाद प्रत्येक दुकानात लावण्याजोगा आहे. याच चालीवर, मागच्या चाकाला मोटारीचा टायर लावून तीस हजार काढू पाहणारेही असतात. मोटारीच्या टायरची कड वेगळ्या आकाराच्या रिमसाठी बनवलेली असते आणि त्याचा माथा मुळातच सपाट असतो, म्हणजे तुम्ही ज्या धारेबद्दल भांडता आहात ती पहिल्या किलोमीटरपासूनच हजर. मी असे काम हाती घेत नाही.

लांबपल्ला

स्वभावाचा मुद्दा बिनतोड आहे, कारण त्या शेवटच्या पाच हजार किलोमीटरचे माझ्याकडे खरोखर दुसरे स्पष्टीकरण नाही. तरीही मी टिकाऊ टायरच घेतला आहे, त्याच जातीची जोडी. फक्त या वेळी एक गोष्ट केली आहे. चाक बसवल्यावर जाड पुठ्ठा घेऊन मागच्या टायरच्या आडव्या गोलाईवर नीट बसेल असा अर्धचंद्र कापून ठेवला. दर दोन हजार किलोमीटरला तो टायरवर उभा धरायचा आणि मधोमध पडलेली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजायची. ती एक मिलिमीटरच्या पुढे गेली की उंचवटे काहीही म्हणोत, टायर उतरवायचा. हा एक मिलिमीटर मी अंदाजाने धरला आहे. कोणाकडे अनुभवाचा आकडा असेल तर सांगावा.

उतारवळण

एक मिलिमीटर मला जरा उदार वाटतो, मी पाऊणवर थांबलो असतो. पण पुठ्ठा पावसात फुगतो, त्यामुळे तोच साचा पत्र्यावर उतरवून घ्या. आणि पहिले माप आजच, एकाऐवजी चाकावरच्या तीन ठिकाणी घ्या आणि लिहून ठेवा, नाहीतर नऊ हजारांवर तुम्ही म्हणाल की पुठ्ठाच वाकडा कापला गेला होता.