रत्नागिरी आणि दिब्रुगड: घड्याळ एकच का?

मिऱ्याबंदर:
बहीण लग्न होऊन आसामात दिब्रुगडला गेली. डिसेंबरात तिच्याकडे साडेचारच्या आत दिवेलागण होते, आपल्याकडे सूर्य सहानंतर बुडतो. जूनमध्ये तिकडे सव्वाचारला उजाडतं, इथे सहाला. दोन्हीकडच्या सूर्यात जवळजवळ दीड तासाचा फरक, घड्याळ मात्र एकच, मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाचं. आपलं निभतं. दुपारी बाजारपेठ बंद, वामकुक्षी, आणि संध्याकाळी कामं आटपूनही मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला उजेड शिल्लक. तिकडच्या पोरांनी हिवाळ्यात शाळेतून येऊन खेळायचं कधी? चहाच्या मळ्यांत पूर्वीपासून तासभर पुढचा 'बागान टाइम' चालतो. ईशान्येला वेगळी प्रमाणवेळ द्यायलाच हवी.

हर्णैकर:
साफ नामंजूर. कामाच्या वेळा बदला, घड्याळ कशाला? आमच्याकडे होडी घड्याळ बघून सुटत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, तशी माणसं उठतात. त्यासाठी कोणी वेगळी वेळ मागितली नाही. दिब्रुगडच्या शाळा सातला भरवा, झालं.

देवरुखची लेक:
दादा, होडी तुमची स्वतःची आहे. बँकेतल्या कारकुनाला तिथी बघून कामावर जाता येत नाही. आसामचे मुख्यमंत्री असताना तरुण गोगोईंनी 2014 मध्ये हीच मागणी लावून धरली होती. आणि आपल्या मुंबईने काय केलं? 1906 ला भारतीय प्रमाणवेळ आली, तरी 39 मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत सोडला नाही. रत्नागिरीचा सूर्यही प्रमाणवेळेच्या 37 मिनिटं मागेच आहे. आपण जे जवळजवळ पन्नास वर्षं हक्काने जपलं, ते आसामने मागितलं की देशाच्या एकीला धोका आहे असं का म्हणतात?

रूळवाला:
एकीचं सोडा, रेल्वेचं बोला. एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत ही गाडी स्टेशनात थांबवतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दोन वेळांच्या हद्दीवर नोंदीत गोंधळ झाला, तर जबाबदार कोण?

मिऱ्याबंदर:
त्याचा विचार झालेला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये दोन वेळांचा प्रस्ताव मांडला, तेव्हा हद्द मुद्दाम बंगाल-आसामच्या अरुंद सीमेवर धरली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वार या दोनच स्थानकांवर घड्याळं बदलावी लागतील. देशभर गोंधळ होईल ही भीती मला पटत नाही.

हर्णैकर:
स्थानकांचा मुद्दा मान्य. पण कचेऱ्यांचं काय? तिकडचे तासभर आधी येणार आणि तासभर आधी घरी जाणार. म्हणजे दिल्लीशी बोलायचा संध्याकाळचा एक तास रोज गेला. लांबच्या राज्याचं काम आधीच दिल्लीत रखडतं, ते आणखी रखडेल. शाळा लवकर भरवा, यावर मी ठाम आहे.