छोट्या ५ वॅटच्या व्हॉल्व्ह अँपचा आवाज सुधारायचाय, सुरुवात कुठून करू?

मोकळी_तार (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ५ वॅटचा एक छोटा व्हॉल्व्ह अँप आहे. आत एक १२एएक्स७ (सुरुवातीचा व्हॉल्व्ह, आत आवाज वाढवणारे दोन भाग म्हणजे ट्रायोड), एक ईएल८४ (स्पीकर चालवणारा शेवटचा व्हॉल्व्ह), छापील सर्किट बोर्ड, ८ इंची ८ ओहमचा स्पीकर, आणि पुढे फक्त व्हॉल्यूमचा नॉब. टोन कंट्रोल नाही, निगेटिव्ह फीडबॅकही (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) नाही. हळू वाजवला तर आवाज फार गोड आहे, त्यामुळे विकून दुसरा घ्यायचा विचार नाही.

त्रास तीन आहेत. हंबकरच्या (दोन कॉइलचा पिकअप) गिटारवर मानेकडचा पिकअप लावला की आवाज गढूळ होतो, पूर्ण कॉर्डमधले स्वर वेगळे ऐकूच येत नाहीत. दुसरं, नॉब निम्म्यावर यायच्या आतच स्वच्छ आवाज संपतो आणि त्यापुढे खर्ज नुसता फडफडतो. तिसरं म्हणजे गिटार जोडलेली नसतानाही सतत घुमणारा हम. रात्री तो फार जाणवतो.

पेडल बनवले आहेत, डाग देता येतो, मल्टिमीटर आहे. पण ३०० व्होल्टच्या वस्तूत अजून हात घातलेला नाही. कोणी म्हणतं व्हॉल्व्ह बदल, कोणी आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला), कोणी सगळे कपॅसिटर. कोणत्या क्रमाने जाऊ?

जुना_रेडिओ:

आधी जिवाचं बोलू, मग आवाजाचं.

प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (सप्लाय सपाट करणारे) ३०० व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. १० के (किलोओहम), १० वॅटचा एक रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिप लावा. प्लग काढून एक क्लिप चॅसीला (अँपचा धातूचा सांगाडा), दुसरी पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकाला, आणि काही सेकंद तशीच ठेवा. मग मीटरने मोजा. आकडा शून्याजवळ दिसल्याशिवाय बोट आत जाता कामा नये. चालू अँपमध्ये मोजताना काळी क्लिप चॅसीला अडकवून ठेवायची आणि एकाच हाताने मोजायचं, दुसरा हात पाठीमागे. हम जावा म्हणून प्लगची अर्थिंगची तार कधीही काढू नका. असले सल्ले अजूनही फिरतात आणि ते जीवघेणे आहेत.

आणखी एक: स्पीकर जोडलेला नसताना व्हॉल्व्ह अँप वाजवायचा नाही. लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेजचे उंच झटके तयार होतात आणि त्याचं इन्सुलेशन फुटू शकतं.

आता क्रम. काहीही उघडायच्या आधी कोणाकडून तरी १२ इंची, ८ ओहमचा कॅबिनेट तासाभरासाठी आणा आणि त्याला हा अँप जोडून बघा. ८ इंची स्पीकर, त्यात डबा छोटा, मागून उघडा. हंबकरचा खर्ज त्याला पेलतच नाही. गढूळपणातला किती भाग स्पीकरचा आणि किती सर्किटचा, हे या एका चाचणीत कळेल.

सहा_तारा:

जुना_रेडिओ यांना अनुमोदन. स्पीकरची संवेदनशीलता बघा असं मीही सुचवेन. दर ३ डेसिबल म्हणजे दुप्पट वॅट. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा आहे. तुमचा आताचा स्पीकर ९२ चा असेल तर फरक ६ डेसिबल, म्हणजे ५ वॅटचा अँप २० वॅटसारखा ऐकू येईल. स्वच्छ आवाज लवकर संपतो ही तक्रार तिथेच अर्धी मिटते, कारण तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी नॉब कमी फिरवावा लागतो.

व्हॉल्व्ह बदलायचाच असेल तर १२एएक्स७ च्या जागी ५७५१ लावून बघा. पायांची मांडणी तीच, गेनचा (सिग्नल किती पट वाढतो त्याचा) आकडा १०० ऐवजी ७०. डाग द्यायला नको, नाही आवडला तर परत जुना लावा.

धातूचा_सूर:

माझं मत थोडं वेगळं. मी आउटपुट ट्रान्सफॉर्मर आधी बदलेन. या छोट्या अँपमध्ये तो फारच लहान बसवतात. सिंगल एंडेड (एकच आउटपुट व्हॉल्व्ह) असल्यामुळे त्यातून सतत डीसी वाहतो, म्हणून गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते, आणि गाभाच लहान असेल तर खर्ज पातळ होतो. मोठा ट्रान्सफॉर्मर लावला की अँप भरदार वाजतो.

जुना_रेडिओ:

धातूचा_सूर, तुमचं कारण बरोबर आहे, पण धागाकर्त्याची तक्रार उलटी आहे. त्यांना खर्ज जास्त झालाय. अशा वेळी मोठा ट्रान्सफॉर्मर लावला तर तोच नको असलेला खर्ज आणखी जोरात स्पीकरपर्यंत पोचेल. तो बदल शेवटी, लागला तर.

मोकळी_तार:

खूप आभार. मित्राचा १२ इंची कॅबिनेट जोडून पाहिला. आवाज चांगलाच वाढला आणि उघडला, नॉबच्या खालच्या भागात मजा येतेय. पण निम्म्याच्या वर मानेकडचा पिकअप अजून गढूळच, आणि हम तर जास्तच ऐकू येतो. म्हणजे सर्किटातही काहीतरी करावंच लागणार ना? डिस्चार्जचा रेझिस्टर बनवून ठेवलाय. अँप उघडून पाहिला: दोन्ही ट्रायोडना प्लेटवर (जिथून वाढलेला सिग्नल निघतो) १०० के चे रेझिस्टर, कॅथोडवर (जिथून इलेक्ट्रॉन निघतात) दीड के चे रेझिस्टर, आणि दोन्हींवर २२ मायक्रोफॅरडचे कॅथोड कपॅसिटर.

जुना_रेडिओ:

सापडलं की मग! गढूळपणा त्या दोन २२ मायक्रोफॅरडमध्ये आहे. हे नीट लिहितो, कारण या अँपचा सगळा स्वभाव इथे ठरतो.

कॅथोड रेझिस्टरवर कपॅसिटर नसेल तर ट्रायोड स्वतःलाच थोडा आवरतो. १०० के आणि दीड के या किमतींना त्याचा गेन साधारण ३२ येतो. मोठा कपॅसिटर लावला की तोच गेन ६० च्या घरात जातो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कपॅसिटर लहान असेल तर ही वाढ फक्त वरच्या स्वरांना मिळते, खर्ज मूळ गेनवर राहतो. सीमा कुठे पडते? तुमच्या किमतींना कॅथोडकडून दिसणारा रोध सुमारे ७७५ ओहम. त्यावरून २२ मायक्रोफॅरडची सीमा ९ हर्ट्झच्या आसपास येते. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झची. म्हणजे तुमच्या अँपमध्ये अगदी तळापासून सगळं दुप्पट होतंय, तेही एकदा नाही, दोनदा. मानेकडच्या हंबकरचा खर्ज मुळात सर्वात ताकदवान. तोच आधी पुढच्या ट्रायोडला आणि ईएल८४ ला ठोकतो, आणि ते खर्जाने चोंदले की वरचे स्वर त्यात बुडतात.

म्हणून खर्ज कापायचा तो डिस्टॉर्शनच्या आधी. फाटल्यानंतर टोन कंट्रोलने कितीही कापला तरी स्वर सुटे होत नाहीत.

पहिल्या ट्रायोडवरचा २२ काढून १ मायक्रोफॅरड लावा. सीमा २०० हर्ट्झच्या जवळ येईल. ०.६८ लावला तर ३०० च्या आसपास. मार्शलच्या लीड चॅनेलवर २.७ के सोबत हाच ०.६८ असतो, तो करकरीत आवाज तुमच्या ओळखीचा असेल. हंबकरला मी १ पासून सुरुवात करेन. दुसऱ्या ट्रायोडवरचा कपॅसिटर सरळ काढून टाका, तिथे काहीच नको. गेन निम्मा होईल आणि स्वच्छ आवाजाला नॉबवर भरपूर जागा मिळेल.

इलेक्ट्रोलिटिक लावलात तर धन टोक कॅथोडकडे. इथे २५ व्होल्टचा पुरतो. छापील बोर्डवर डाग सोडवताना जास्त वेळ तापवू नका, तांब्याची चकती उचलली जाते. मी जुन्या कपॅसिटरचे पाय वरून कापतो आणि उरलेल्या खुंटांना नवा जोडतो. प्रयोग चालू असेपर्यंत हेच बरं, आवाज पसंत पडला की मग बोर्ड साफ करायचा.

सहा_तारा:

वा, फार छान समजावलंत. वाचनखूण साठवली.

एक भर. दुसऱ्या ट्रायोडकडून ईएल८४ कडे जाणारा कपलिंग कपॅसिटर बहुधा ०.०२२ मायक्रोफॅरडचा असेल. पुढे २२० के चा रेझिस्टर असेल तर त्याची सीमा ३३ हर्ट्झ. तिथे ०.०१ लावला तर ७२ हर्ट्झ. मात्र तो ४०० व्होल्ट किंवा त्याहून वरचाच हवा, कारण त्याच्या एका बाजूला प्लेटचं व्होल्टेज असतं. कोणत्या कंपनीचा, कोणत्या रंगाचा यात पैसे घालू नका. किंमत बदलली की आवाज बदलतो, नाव बदलून ऐकू येण्याइतका फरक मला कधी जाणवला नाही.

मोकळी_तार:

दोन्ही कॅथोडचे बदल केले. काय फरक पडलाय! मानेकडच्या पिकअपवर कॉर्डमधला एकेक स्वर वेगळा ऐकू येतो. वर चढवला की फाटतो, पण दाणेदार फाटतो. १ मायक्रोफॅरडच ठेवला, ०.६८ माझ्या ब्रिज पिकअपला जरा तीक्ष्ण वाटला.

आता हम. व्हॉल्यूम शून्यावर ठेवला तरी तेवढाच आहे.

जुना_रेडिओ:

उत्तम. शून्यावरही तेवढाच आहे म्हणजे उगम व्हॉल्यूमच्या नंतर आहे, पिकअप, केबल आणि पहिला ट्रायोड सुटले. आता अँप बंद करून, थंड झाल्यावर १२एएक्स७ काढा आणि स्पीकर लावून पुन्हा चालू करा. हम गेला तर तो दुसऱ्या ट्रायोडमधून किंवा त्याच्या हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) तारांतून येत होता. तसाच राहिला तर पॉवर सप्लायचा. कानानेही ओळखता येतं: हीटरचा हम विजेच्या वारंवारतेचा म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झ, आणि पूर्ण रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणारा भाग) सप्लायचा त्याच्या दुप्पट.

उघडलंच आहे तर ईएल८४ ची मोजमापंही घ्या. पाय ७ वर प्लेटचं व्होल्टेज, पाय ३ वर कॅथोडचं, आणि कॅथोड रेझिस्टर किती ओहमचा आहे ते. मोजताना १२एएक्स७ परत जागेवर हवा.

मोकळी_तार:

१२एएक्स७ काढला तरी हम जसाच्या तसा. प्लेट ३१० व्होल्ट, कॅथोड १०.४ व्होल्ट, रेझिस्टर २२० ओहम. रेक्टिफायर सिलिकॉन डायोडचा आहे, पहिला फिल्टर कपॅसिटर २२ मायक्रोफॅरड, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर थेट त्याच्यावरच जोडलेला.

जुना_रेडिओ:

मग हम कमी करणं आणि ईएल८४ वरचा ताण उतरवणं, दोन्ही कामं सोबतच होतील.

आधी हिशोब. १०.४ भागिले २२० म्हणजे ४७ मिलिअँपियर. त्यातले ५ च्या आसपास स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधली आणखी एक जाळी), उरलेले ४२ प्लेटचे. प्लेट ते कॅथोड सुमारे ३०० व्होल्ट. गुणाकार १२.६ वॅट. ईएल८४ ची मर्यादा १२ वॅट आणि ३०० व्होल्ट. म्हणजे तुमचा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून मर्यादेबाहेर चालतोय. वाजेल, पण आयुष्य कमी.

पुश-पुल (दोन आउटपुट व्हॉल्व्ह उलट दिशांनी काम करणाऱ्या) अँपमध्ये सप्लायची लहर दोन बाजूंनी येऊन ट्रान्सफॉर्मरमध्ये बरीचशी मिटते. सिंगल एंडेडमध्ये ती सोय नाही, लहर सरळ स्पीकरवर जाते. म्हणून पहिल्या फिल्टरनंतर ३३० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घाला, त्याच्यापुढे ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा नवा कपॅसिटर, आणि ट्रान्सफॉर्मरची तार या नव्या जागेवर हलवा. बोर्डवरचा पुढचा सप्लायही इथूनच घ्या, स्क्रीन प्लेटपेक्षा उंच व्होल्टेजवर राहायला नको. १०० हर्ट्झची लहर जवळजवळ दहाव्या हिश्शावर येईल आणि प्लेटचं व्होल्टेजही १२-१५ व्होल्टने उतरेल. सोबत कॅथोडचा २२० काढून २७० ओहम, ५ वॅटचा लावा. मग पुन्हा मोजा.

नवा कपॅसिटर घट्ट बांधा, लोंबकळत ठेवू नका. यापुढे डिस्चार्ज करताना दोन्ही कपॅसिटर तपासायचे.

मोकळी_तार:

केलं. प्लेट २९७, कॅथोड १०.५, म्हणजे ३९ मिलिअँपियर. स्क्रीनचे साडेचार वजा करून गुणाकार १० वॅटच्या थोडा आत येतो. बरोबर ना? आणि हम आता कान स्पीकरला लावला तरच ऐकू येतो! आवाजाची ताकद कमी झाल्यासारखी अजिबात वाटत नाही.

शेवटचा प्रश्न. १९५० च्या दशकातल्या फेंडर चॅम्पच्या ५एफ१ सर्किटमध्ये निगेटिव्ह फीडबॅक असतो असं वाचलं. मी घालू का?

जुना_रेडिओ:

हिशोब अचूक. असाच ठेवा, आणि ईएल८४ बदलाल तेव्हा पुन्हा मोजा, प्रत्येक व्हॉल्व्ह थोडा वेगळा ओढतो.

फीडबॅक जरूर घालून बघा, पण स्विचवर. चॅम्पमध्ये स्पीकरच्या टोकावरून २२ के चा रेझिस्टर दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला जातो. तिथला कपॅसिटर तुम्ही आधीच काढलाय, हे बरं झालं. तो असता तर फीडबॅक सगळा जमिनीतच गेला असता. तुमच्या आउटपुटची दुसरी तार चॅसीला जोडलेली आहे ना, हे आधी बघून घ्या. फीडबॅक जोडल्यावर अँप किंचाळला तर दिशा उलटी आहे. लगेच बंद करा, डिस्चार्ज करा, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूच्या दोन तारा अदलाबदल करा. जोडल्यावर आवाज थोडा लहान, घट्ट आणि स्वच्छ होईल, काढल्यावर मधले स्वर पुढे येतील. सिंगल कॉइलला मला जोडलेला आवडतो, हंबकरला काढलेला.

सहा_तारा:

आणि कधी टोन कंट्रोल हवासा वाटला तर फेंडरचं ५एफ२-ए सर्किट बघा. ते जवळजवळ हाच चॅम्प आहे, फक्त एक टोनचा नॉब जास्त. तुमच्या अँपमध्ये त्यासाठी पुढच्या पट्टीवर एक भोक पाडावं लागेल, एवढंच. भोक पाडताना बोर्ड झाकून ठेवा, धातूचा कीस आत पडू देऊ नका.