मराठवाड्याचा पाऊस बदललाय, की आपण पाणी संपवलंय?

कोरडवाहू
सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाचा खंड, काढणीला आलं की धो धो. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा होता. 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव, बीडकडे पुरानं रानातली मातीसुद्धा खरडून नेली. वर्षाची सरासरी काढली की दोन्ही झाकून जातं. माझ्या मते हा तापलेल्या हवेचा पाऊस आहे.

घाटमाथा
नाही पटत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आपण काय आजचे आहोत? 72 च्या दुष्काळाबद्दल जुनी माणसं सांगतात, धान्य नव्हतं पण प्यायला पाणी होतं. 2016 ला मात्र लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मांजरेच्या खोऱ्यात ऊस वाढत गेला, बोअर खोल खोल गेले. सगळं आभाळावर ढकललं की त्याचा हिशेब कुणी मागत नाही.

कोरडवाहू
उसाचं शंभर टक्के मान्य. पण ऑगस्टचा खंड ऊस आणत नाही ना! माझ्या रानात तर ऊसच नाही, सोयाबीन आणि तूर आहे, तरी पेरणी वाया जाते. हवा 1 अंशानं तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, मग पडते तेव्हा एकदम. 1950 ते 2015 मध्ये मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, एकूण पाऊस मात्र घटला.

घाटमाथा
घटला त्यात हवेतल्या धूलिकणांचाही हात आहे. पुढे मॉन्सून वाढेल असंच हवामानशास्त्रज्ञ सांगतात. मग दुष्काळ कसला?

पाणलोट
वाढलेला पाऊस मुरणार कुठे, ते बोला. वर काळी चिकण माती, खाली काळा पाषाण. तेच पाणी पंधरा दिवसांत झिरमिर पडलं तर विहिरीला उतरतं, एका रात्रीत पडलं तर नदीला जातं. शेततळ्यांचंही तेच. कित्येक तळी बोअरचं पाणी उपसून भरतात, तळाला प्लास्टिक, म्हणजे मुरत काही नाही आणि उन्हानं उडून जातं ते वेगळंच.

घाटमाथा
शेततळ्याचं पटलं, आमच्या शिवारात हेच चाललंय. पण ठिबकवर ऊस घ्या म्हणणाऱ्यांनाही माझा विरोधच राहील. खंड वाढणार असतील तर या खोऱ्यात ऊस नकोच.

कोरडवाहू
त्यावर आपण एकाच बाजूला आहोत. पण ऊस उद्या बंद झाला तरी माझ्या सोयाबीनला ऑगस्टात एक संरक्षित पाणी कुठून द्यायचं, ते सांगा.