खासदारांच्या महोत्सवात मारबत निघेल का?

बर्डीवाला:
नोव्हेंबर-डिसेंबर आला की नागपुरात क्रीडा चौकाकडचे रस्ते संध्याकाळी तुंबतात. ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव भरतो. २०१७ पासून, नितीन गडकरींच्या पुढाकारानं. प्रवेश फुकट, कलाकार देशभरातले. दर्जाबद्दल माझी तक्रार नाही, मीही जातो. पण ज्या मंचाचं नावच एका राजकीय पदावरून आहे, तिथे त्या पदाला टोचेल असं काही सादर होईल का? कोणी मनाई करायची गरजच नाही. कार्यक्रम ठरवणाऱ्याच्या डोक्यातच ते येणार नाही.

याच गावात मारबतीची, म्हणजे वाईट गोष्टींच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते: काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) सोबत निघणाऱ्या बडग्यांवर, म्हणजे टीकेच्या पुतळ्यांवर, महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, नेतेमंडळी, कोणाचीच गय नसते. इतवारी-महालातले लोक वर्गणी काढून ते करतात. त्याला कला महोत्सव म्हणायची आपल्याला लाज का वाटते?

हनुमाननगरची_सून:
नाही पटलं. मारबत वर्षातून एक सकाळ, आणि तीही गर्दी झेपणाऱ्यांसाठी. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर रेडिओवर ऐकलेला आवाज पहिल्यांदा समोर ऐकला तो याच मैदानावर. वसंतराव देशपांडे सभागृहातल्या तिकिटांचे पैसे आमच्या घरात कधी निघालेच नसते. राजे-महाराजांनी गवई पोसले तेव्हा त्यांच्यावर टीका गा, अशी अट कोणी घातली नव्हती. मग आत्ताच का?

बर्डीवाला:
राजाला मतं मागायची नव्हती. यांना मागायची आहेत.

वडशाचा_पाहुणा:
तुमी दोघंही फुकट-फुकट करून ऱ्हायले, म्हणून बोलतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे वडसा-गडचिरोलीकडं, दिवाळीनंतर मंडई (जत्रा) लागते आन् होळीपर्यंत नाटकं चालतात. रात्रभर. मजूर माणूस तिकीट काढून बसते. शासनाच्या अनुदानावर उभी राह्यलेली रंगभूमी नाही हे, आन् तिच्यातल्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री भेटली.

पण राजेहो, पुढारी तिथंही आहेच! पोस्टर पाहा कधी. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी. नाटकाचं नाव शोधा लागते. भाषणं लांबली की मागून शिट्ट्या सुरू होतात, मंग माइक सोडा लागते नेत्याले. तिकीट काढलेल्या माणसाचा तेवढा हक्क ऱ्हायते. फुकट पासवाल्याले शिट्टी मारता येते का, सांगा.

सिव्हिल_लाइन्स_निवृत्त:
नावाच्या मुद्द्यावर इतकं अडायचं कारण दिसत नाही. २०१९ चं यवतमाळचं साहित्य संमेलन आठवा. कोणत्या खासदाराचं नाव नव्हतं त्यावर. तरी उद्घाटनासाठी बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण ऐन वेळी रद्द झालं. कारण दिलं ते उधळून लावण्याच्या धमक्यांचं. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांना पद सोडावं लागलं. आणि उलट उदाहरण १९७५ चं, कऱ्हाडचं. आणीबाणी असताना दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. संमेलन तेच, अनुदानाची सवय तीच. फरक मंचावरच्या माणसात होता.

बर्डीवाला:
काका, दुर्गाबाई दर वर्षी मिळत नाहीत. त्या नसतील तेव्हाही काही टोकदार घडू शकेल, अशी व्यवस्था हवी की नको? नाव बदला असं मी म्हणतच नाही. निवड समितीत कोण आहे, पैसा कोणाकडून किती आला, हे मंडपाच्या दाराशी फलकावर लावा. आमच्या गल्लीतलं गणेश मंडळसुद्धा वर्गणीचा हिशोब लावते.

हनुमाननगरची_सून:
हिशोब लावा, त्याला कोण नाही म्हणतंय. पण मंडळाचा हिशोब तुम्ही कधी वाचला?

तबला_वर्ग_महाल:
मंचाच्या बाजूनं बोलतो, कारण इथे सगळे खुर्च्यांच्या बाजूनं बोलत आहेत. मोठ्या महोत्सवांत (एकाचं नाव घेत नाही, बरेच आहेत) स्थानिकांना संधी मिळते, हे खरं. माझ्या विद्यार्थ्यांनाही मिळाली. पण मिळते ती मुख्य कलाकार यायच्या आधी, खुर्च्या भरत असताना. बिदागीचं विचारलं की सन्मानचिन्ह पुढे येतं. राजकीय गाणं गायचं की नाही, ही चैन झाली. आधी बसून गाता येईल इतका वेळ तर द्या.

आणि दीक्षाभूमी विसरलात सगळे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रस्त्यारस्त्यावर भीमगीतं चालतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. समाज आणि राजकारण दोन्ही त्या गाण्यांत ठासून भरलेलं असतं, ऐकायला पास लागत नाही. ते गाणारे कलाकार मोठ्या मंडपात मुख्य वेळेला किती वेळा बसवले, हा प्रश्न आयोजकांना विचारा. मी विचारला होता. "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले.

वडशाचा_पाहुणा:
मास्तर, त्याईले घेऊन या वडशाले. तिकीट आमी लावतो. गर्दी जमली तर बिदागी तिकिटातून, नाही जमली तर जेवण आमच्याकडून. उद्घाटक मात्र चार-पाच ऱ्हायतील, त्याले माझ्यापाशी इलाज नाही.