मदत हवी आहे: अंड्यातलं लायसोझाइम सीएम सेल्युलोजला चिकटतच नाहीये

नमस्कार मंडळी,
मी एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, डिसर्टेशनसाठी कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्या भागातून लायसोझाइम (जिवाणूंची भिंत फोडणारं एन्झाइम) प्युरिफाय करायचं घेतलंय आणि तीन आठवडे एकाच पायरीवर अडकलेय. आमच्याकडे एफपीएलसी (प्रोटीन वेगळं करायचं पंपाचं यंत्र) वगैरे नाही, काचेचा साधा कॉलम, स्टँडला लावलेला, आणि फ्रॅक्शन (खालून येणाऱ्या द्रवाचे भाग) हाताने टेस्ट ट्यूबमध्ये धरायचे.

विषय निवडला तेव्हा वाटलं होतं की यापेक्षा सोपं काही नसेल. लायसोझाइमचा पीआय (ज्या पीएचला प्रोटीनवर निव्वळ चार्ज शून्य असतो तो) १०.७ च्या आसपास, आणि पांढऱ्या भागातल्या प्रोटीनपैकी निम्म्याहून जास्त असलेलं ओव्हाल्ब्युमिन ४.५ ला, ओव्होट्रान्सफेरिन ६.१ ला. म्हणजे पीएच ७ ला लायसोझाइमवर पॉझिटिव्ह चार्ज आणि बाकी जवळजवळ सगळ्यांवर निगेटिव्ह, मग सीएम सेल्युलोजसारख्या कॅटायन एक्स्चेंजरवर (पॉझिटिव्ह रेणू धरून ठेवणाऱ्या निगेटिव्ह रेझिनवर) फक्त लायसोझाइम थांबायला हवं आणि बाकीचे सरळ खाली जायला हवेत ना? पण होतंय उलटंच.

काय केलं ते सांगते. दोन अंड्यांचा पांढरा भाग, पाण्याने दुप्पट केला, सुती फडक्यातून गाळला, सेंट्रिफ्यूज केला आणि खाली बसलेला चिकट गोळा फेकून दिला. मग ८० टक्के सॅच्युरेशनपर्यंत अमोनियम सल्फेट घालून प्रोटीन खाली बसवलं, पेलेट (बसलेला साका) १० मिली बफरमध्ये विरघळवला (२० मिलीमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७), मीठ काढायला डायलिसिस केलं (बारीक छिद्रांच्या नळीत भरून बफरमध्ये ठेवलं), १५ मिलीच्या कॉलमवर चढवलं, त्याच बफरने धुतलं आणि ०.५ मोलर मिठाने इल्यूट केलं (सोडवून बाहेर काढलं).

अॅक्टिव्हिटी मायक्रोकॉकस या जिवाणूच्या सस्पेन्शनवर बघतेय, गढूळपणा किती झपाट्याने कमी होतो ते, ४५० नॅनोमीटरला. सुरुवातीची १०० धरली तर डायलिसिसनंतर ६२ राहते, त्यातली ४८ फ्लो-थ्रूमध्ये (न चिकटता खाली येणाऱ्या द्रवात) निघून जाते, वॉशमध्ये ५ आणि इल्यूशनमध्ये फक्त ४. तीनदा केलं, तिन्ही वेळा साधारण असंच. रेझिन नवीन आहे, प्रीसायकलिंग (आम्ल-अल्कलीने धुणं) केलंय, बाहेर येणाऱ्या बफरचा पीएचही ७ आहे, तो दर वेळी तपासते. मॅडम म्हणाल्या कॉलम ओव्हरलोड झाला असेल म्हणून शेवटच्या वेळी निम्माच सॅम्पल घातला, तरी तेच. आता मायक्रोकॉकसची पावडर संपत आलीय त्यामुळे उगाच प्रयोग करून बघणं परवडणार नाही, आणि मला खरंच समजून घ्यायचंय की चूक कुठे होतेय, नुसता आकडा सुधारून नकोय. प्लीज कोणी केलं असेल तर सांगा.

बेंचवरून:
पीएचचा हिशोब तुमचा बरोबर आहे, तिकडे शोधू नका. डायलिसिस नेमकं कसं केलंत? बाहेर किती बफर, किती वेळ, किती वेळा बदललं, खाली मॅग्नेटिक स्टरर होता का? आणि कंडक्टिव्हिटी मीटर (द्रावणात मीठ किती याचा अंदाज देणारं) आहे का?

धागाकर्ती:
५०० मिलीच्या बीकरमध्ये, दोन तास, बफर बदललं नाही. स्टरर दुसऱ्या ग्रुपकडे होता त्यामुळे अधूनमधून काचेच्या कांडीने हलवलं. कंडक्टिव्हिटी मीटर शेजारच्या एन्व्हायर्नमेंटच्या लॅबमध्ये आहे, मागता येईल.

बेंचवरून:
मग लगेच मागा, माझी खात्री आहे की मीठच आहे. म्हणजे बघा, ८० टक्के सॅच्युरेशन म्हणजे ३ मोलरपेक्षा जास्त अमोनियम सल्फेट, पेलेट कितीही निथळला तरी त्यात ते द्रावण अडकून राहतंच, १० मिलीत विरघळवल्यावर सहज १ मोलरच्या आसपास मीठ असू शकतं. त्यात अमोनियम सल्फेटची आयनिक स्ट्रेंग्थ तेवढ्याच मोलर साध्या मिठाच्या तिप्पट, सल्फेटवर दोन चार्ज आहेत म्हणून. न ढवळता दोन तासांत ते कितीसं बाहेर जाणार? तुम्ही ज्या मिठाने शेवटी इल्यूट करताय तेवढं किंवा त्याहून जास्त मीठ सॅम्पलमध्येच घेऊन चढवताय, मग लायसोझाइम थांबेल कशाला. निम्मा सॅम्पल घालूनही फरक पडला नाही कारण प्रमाण निम्मं झालं पण मिठाचं कॉन्सन्ट्रेशन तेच राहिलं.

चढवायच्या आधी सॅम्पलची कंडक्टिव्हिटी इक्विलिब्रेशन बफरच्या (ज्याने कॉलम तयार केला त्या) जवळ आली पाहिजे, हा नियम आयन एक्स्चेंजला कायम. मीटर नाहीच मिळाला तर बाहेरच्या बफरमध्ये बेरियम क्लोराइडचे थेंब टाकून बघा, सल्फेट असेल तर पांढरं पडतं. पण तुमचं बफर फॉस्फेट आहे आणि बेरियम फॉस्फेटही पांढरंच असतं, म्हणून आधी हायड्रोक्लोरिक अॅसिडने आम्ल करून घ्या, त्यात फॉस्फेट विरघळतं, सल्फेट नाही.

कोल्डरूम:
वरच्यांशी शंभर टक्के सहमत, पण १०० चे ६२ कसे झाले हे कोणी विचारलं नाही. तू म्हटलं तर चालेल ना? तुझी डायलिसिस ट्यूबिंग किती कटऑफची आहे, म्हणजे किती मोठा रेणू अडवते? कॉलेजांत बहुतेक १२ ते १४ किलोडाल्टनची असते, आणि लायसोझाइम आहे १४.३. कटऑफ म्हणजे भिंत नसते, त्या आकाराचा रेणू हळूहळू बाहेर झिरपत राहतो. म्हणजे मीठ काढायला डायलिसिस वाढवलंस की लायसोझाइमही जास्त जाणार.

दुसरं, तो चिकट गोळा जो फेकलास तो मुख्यतः ओव्होम्युसिन नावाचं प्रोटीन. ते निगेटिव्ह असतं आणि लायसोझाइम त्याला चिकटून बसतं, विशेषतः साध्या पाण्याने पातळ केलं की, कारण मीठ कमी झालं की ही ओढ वाढते आणि ओव्होम्युसिन खाली बसताना लायसोझाइम सोबत घेऊन जातं. आमच्याकडे एकदा सगळ्यांनी हेच घालवलं होतं, शेवटी गोळ्यावर थोडं मीठ घालून अॅसे (अॅक्टिव्हिटीची चाचणी) केला तेव्हा कळलं.

माझं मत, अमोनियम सल्फेट आणि डायलिसिस दोन्ही सोडूनच दे. एकाच अंड्याचा पांढरा भाग घे, साधारण ३० मिली निघेल, तुझ्याच बफरमध्ये ५० मिलीमोलर मीठ घालून त्याने पाचपट पातळ कर, फार फेस होऊ न देता ढवळ, गाळ, सेंट्रिफ्यूज कर. एवढ्या मिठात लायसोझाइम ओव्होम्युसिनला बऱ्यापैकी सोडतं आणि सीएमला मात्र धरून राहतं. मग १५० मिली कॉलमवरून ओतत बसू नकोस, उरलेल्या ओव्होम्युसिनने कॉलम तुंबतो आणि थेंबही पडत नाही. रेझिन बीकरमध्येच घाल, तासभर हलक्या हाताने हलव, बसू दे, वरचं ओतून घे (फेकू नकोस, अॅसे कर), दोनतीनदा बफरने धू आणि मगच कॉलममध्ये भर.

आणि इल्यूशनचे फ्रॅक्शन अॅसेला किती घालतेस? या अॅसेत मीठ जास्त झालं की लायसोझाइम मंदावतं. ३ मिलीत अर्धा मिली घालत असशील तर तुझे ४ खरे ४ नसतील.

धागाकर्ती:
अर्धा मिलीच घालत होते!! ट्यूबिंगही १२ ते १४ चीच निघाली, पाकिटावर लिहिलेलं होतं आणि मी तीन आठवडे ते पाकीट रोज हातात घेतेय.

मीटर आणून जुन्या सॅम्पलची कंडक्टिव्हिटी घेतली, बफरच्या कित्येक पट आहे, त्यामुळे बेरियमची गरजच पडली नाही.

धागाकर्ती (चार दिवसांनी):
कोल्डरूम दादा, तुम्ही सांगितलं तसंच एका अंड्यावर केलं, अॅसेला फक्त ५० मायक्रोलिटर घातलं. रेझिनवरच्या पाण्यात ६ उरली, आणि ०.५ मोलरला तिसऱ्या ते सहाव्या ट्यूबमध्ये मिळून ७१! त्याच ट्यूबमध्ये २८० नॅनोमीटरची (प्रोटीनची) रीडिंगही वर गेली. १५ टक्के जेल (प्रोटीन आकारानुसार वेगळं करणारं) चालवलं, १४ किलोडाल्टनच्या जागी जाड बँड आहे आणि ४५ च्या आसपास एक पुसट, तो ओव्हाल्ब्युमिनच असावा ना?

कोल्डरूम:
हो, तेच. चिकटलेलं नाही, रेझिनच्या कणांमध्ये अडकलेलं राहिलंय. बीकरमधलं धुणं कमी पडलं. कॉलममध्ये भरल्यावर २८० खाली बसेपर्यंत धू, मगच मीठ लाव, आणि ०.५ एकदम न देता ०.१, ०.२ असं चढत जाऊन बघ. ट्यूबमधलं लायसोझाइम किती मिलीग्रॅम प्रति मिली ते काढताना २८० च्या आकड्याला २.६ ने भाग, ओव्हाल्ब्युमिनचा फॅक्टर लावलास तर खूप जास्त दिसेल.

बेंचवरून:
आणि फेकलेल्या प्रत्येक गोष्टीचा थोडा नमुना फ्रीजमध्ये ठेवा, गोळ्याचासुद्धा. परीक्षक हिशोबाचा तक्ता मागतातच.

धागाकर्ती:
ठेवलाय. उद्या त्याच रेझिनवर दुसरं अंडं, २८० ची रीडिंग ०.०५ च्या खाली आल्याशिवाय मीठ लावणार नाही. जेलचा फोटो टाकते.